सासूबाईंनी बुचं काढली

...आणि वर सासूबाई मलाच विचारतात, “एवढं काय झालं रडायला? चिलटंच ना ती!” अहो, चिलटंच! मी कुठे म्हणते हत्ती होते? पण तुम्हाला सांगते, त्या चिलटांवर माझं अख्खं विद्यापीठ टांगलेलं होतं! पन्नाशीला आलेली बाई, कम्युनिटी कॉलेजात पोराटोरांच्या मांडीला मांडी लावून जीवशास्त्र शिकते, ते कशासाठी? इथले विषय सुटले की विद्यापीठात जायचं, मग शाळेत शिकवायचं. विद्यापीठानं जागासुद्धा धरून ठेवली होती हो! अट एकच, अनुवंशशास्त्र याच सत्रात सुटलं पाहिजे. आणि त्यात अर्धे गुण कशाला? चिलटांना!

आमचे बेदरोसियन सर. बरणीत तोंड घातल्यासारखा आवाज. “ओरोस्कोबाई, नर पांढऱ्या डोळ्यांचा, मादी लाल डोळ्यांची. मुलं सगळी लाल डोळ्यांची होतील. वाटेल, पांढरे डोळे गेले. पण गेलेले नसतात! नातवंडांत परत येतात, तेही फक्त नरांत. ती नातवंडं मोजून आणा.”

माझ्या अंगावर तिथेच काटा. गेलेलं परत येतं म्हणे! माझ्या नवऱ्याचे, अन्सेल्मोचे डोळे शेवटी शेवटी असेच पांढरे झाले होते, साखरेच्या दुखण्यानं. दिसायचं काही नाही, म्हणून मी माझं पुस्तक मोठ्यानं वाचायची, आणि तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून म्हणायचा, “लाले, परत वाच. पेशी दुभंगते ते मला पटलं नाही.” जसं काही पेशीनं त्याला विचारून दुभंगायचं होतं! तो गेला, आणि मी मोठ्यानं वाचायचं सोडलं... जाऊ दे. चिलटांचं सांगत होते. चिलटंच ती, चिलटांना काय कळतंय?

तर शनिवार-रविवार कॉलेज बंद, म्हणून चिलटांच्या नळ्या घरी आणल्या. परवानगी काढून हो! आता चिलटं मोजायची तर आधी झोपवावी लागतात, ती काय हजेरीला रांगेत उभी राहणार आहेत? थंडीनं झोपतात. म्हणून नळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि गेले कपड्यांच्या घड्या घालायला. परत येते तर फ्रीजमध्ये एकही नळी नाही!

“आई, माझ्या नळ्या?”

“कसल्या नळ्या? ती मक्याची खीर? ठेवली की अन्सेल्मोपुढे!”

मृतांचा दिवस होता, आमची गेलेली माणसं घरी जेवायला येतात तो. हॉलमध्ये ओफ्रेंदा, म्हणजे त्यांच्यासाठीचा नैवेद्य, मांडलेली. अन्सेल्मोचा फोटो, झेंडू, मेणबत्त्या, पाव, त्याची बीअर, आणि मधोमध माझ्या नळ्या! आता दोष तरी कुणाला द्यायचा? चिलटांचं खाणं म्हणजे मक्याचं पीठ, काकवी आणि यीस्ट. वास अगदी सासूबाईंच्या हातच्या खिरीचा. वर झोपलेली चिलटं, त्यांना वाटलं, सुनेनं हौसेनं तीळ पेरलेत! बरं, ठेवल्या तर ठेवल्या, पण बुचं काढली हो! एकूण एक! कारण आमच्याकडे मेलेली माणसं वास खातात. झाकलेलं ताट मांडायचं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवून दाराला कडी घालायची.

मेणबत्त्यांची ऊब लागली... आणि तीळ उडाले!

मी धावले. व्हिनेगरची वाटी भरली, त्यात साबणाचा थेंब. बुडून का होईना, मोजता तर येतील! तर हर्मेलिंदाबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, ओफ्रेंदापुढे दोन्ही हात पसरून उभ्या.

“खबरदार! कोण आलंय ठाऊक आहे तुला?”

“आई, चिलटं आहेत ती!”

“लोकांची माणसं फुलपाखरं होऊन येतात. माझा पोरगा पहिल्यापासूनच असा. समोर येईल त्या गाडीत चढायचा!”

सांगा आता! आहे कुठल्या पुस्तकात याला उत्तर?

मग म्हटलं, बसल्या जागी मोजू. भिंग घेतलं. पावावरची मोजली, झेंडूवरची मोजली, आणि एक जाऊन बसलं थेट फोटोवर. अन्सेल्मोच्या गालावर. भिंगातून पाहते तर... पांढऱ्या डोळ्यांचं! तुम्हाला सांगते, तो गेल्यापासून मी त्या फोटोकडे नीट पाहिलं नव्हतं. धूळ पुसतानासुद्धा तोंड फिरवायची. आता भिंगातून पाहायची वेळ! मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. फोटोशी आले की पुन्हा चुकली. चिलटंच ती हो, चिलटांना काय कळतंय!

“बोल की त्याच्याशी,” सासूबाई मागून म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. “इतक्या लांबून आलाय.”

आणि मी काय करावं? व्हिनेगर सिंकमध्ये ओतलं. हो, ओतलं! विद्यापीठ गेलं त्या मोरीतून, मला दिसत होतं जाताना. पुस्तक आणलं आणि वाचायला लागले. मोठ्यानं. पेशीचाच धडा. ते पांढऱ्या डोळ्यांचं जागचं हललं नाही. चिलटच ते... पण खोटं का बोलू? प्रत्येक परिच्छेद संपला की मी थांबत होते. कुणी तरी “परत वाच” म्हणेल म्हणून.

सोमवारी सरांपुढे उभी.

“किती निघाली पांढऱ्या डोळ्यांची?”

“एक, सर. ते मात्र नक्की.”

“आणि बाकीची?”

“गेली असतील आपापल्या घरी.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ओरोस्कोबाई, एका चिलटावर शास्त्र होत नाही.” झालं! विषय राहिला. पुन्हा कधी घेता येतो? पुढच्या शरद सत्रात!

म्हणजे बघा, माझा नवरा डोळ्यांनी दिसत नसताना थेट मेलेल्यांच्या मुलखातून येतो, खिरीचा वास घेतो, बायकोचा अभ्यास ऐकतो, आणि कुणाची परवानगी न काढता परतही जातो... आणि मी? हमरस्त्यापलीकडच्या विद्यापीठात पोचायला मला अजून एक वर्ष लागणार आहे!