पाण्यात भिजवलेलं पेट्रोलचं कातडं

नेवासा, ता. १२ फेब्रुवारी १९४४.

माझे नाव लंकाबाई, वय अंदाजे २८ वर्षे, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळमाळ, तालुका नेवासा, जिल्हा अहमदनगर. नवऱ्याचे नाव विचारले असता, ‘आमच्यात घेत न्हाईत’ असे मी सांगितल्यावरून ती जागा कोरी ठेवली आहे.

ठाण्यावर आपणहून हजर राहून समक्ष सांगते की, माझा नवरा गावाजवळच्या लष्करी विमानतळावर पेट्रोल गाळायच्या कामाला आहे. पिंपातलं पेट्रोल विमानात भरण्याआधी नरसाळ्यावर मऊ कातडं ताणून त्यातून गाळतात. पेट्रोल खाली उतरतं, पिंपात साचलेलं पाणी वर राहतं. पाणी इंजिनात गेलं तर विमान आभाळात बंद पडतं. हे मला नवऱ्यानेच सांगितलेले आहे. रोज सांगतो, मी भाकरी थापत असले तरी सांगतो.

बुधवारी सकाळी त्याने भरलेलं विमान उडालं आणि थोड्याच वेळात इंजिन बंद पडून ज्वारीच्या रानात उतरलं. चालवणारा साहेब वाचला. टाकीत पाणी निघालं. ते मुद्दाम घातलं, असा वहीम घेऊन नवऱ्याला इथे आणून कोंडले आहे. तीन दिवस झाले, तो एक शब्द बोललेला नाही.

पाणी माझ्यामुळे गेलं. मंगळवारी त्याने कातडं घरी आणलं, ते वाळून पापडासारखं कडक झालं होतं. म्हणाला, ‘ह्ये ताणलं की फाटतंय बघ.’ विहिरीवर मोट जोडायच्या आधी आम्ही ती पाण्यात भिजत घालतो. कातडं मऊ पडतं, शिवण फुगते, मोट गळत नाही. बापाच्या मोटा मी लहानपणापासून भिजवल्या आहेत. तसंच हेही घंगाळात भिजत घातलं आणि सकाळी पिळून हातात दिलं. त्याने चाचपून पाहिलं आणि म्हणाला, ‘बेस झालं.’ त्यालाही मोटंचंच ठाऊक.

तिथले पेट्रोलचे कारकून विष्णुपंत यांना मी काल गाठलं. ते म्हणाले, त्या दिवशी पेट्रोल कातड्यातून उतरेना, आणि विमानाची तर घाई, म्हणून नवऱ्याने कातडं हाताने दाबून दाबून ते खाली उतरवलं. मी म्हटलं, ‘कातडं वल्लं हुतं. मीच भिजवल्यालं.’ त्यांनी कपाळाला हात लावला.

आज ठाण्याच्या अंगणात फौजदारसाहेबांसमोर त्यांनी करून दाखवलं. एक कातडं पेट्रोलनं भिजवलं. त्यावर पाणी मण्यांसारखं थांबलं, खाली गेलं नाही. दुसरं पाण्यात भिजवून पिळलं. त्यातून पाणी थेट बाटलीत उतरलं. फौजदारसाहेबांनी बाटली उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

नवरा का बोलला नाही ते मला कळतं. माझं नाव सांगितलं तर मला चौकीची पायरी चढावी लागेल, म्हणून तोंडाला कुलूप. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? आठ मैल चालत आलेच ना मी. मला त्याचा लई राग आला आहे, तोही लिहावा. तीन दिवस घास उतरला नाही, हे लिहिलं नाही तरी चालेल.

विष्णुपंत म्हणाले, यापुढे टाकी भरली की तळाच्या कॉकमधून बाटलीभर पेट्रोल काढून पाहायचं. बाटलीच्या बुडाला पाणी दिसलं तर विमान सोडायचं नाही. या कामावर त्यांना माझाच नवरा हवा आहे. म्हणाले, ‘ही चूक आता तो जन्मात करायचा नाही.’ मी म्हटलं, मी करू देणार नाही.

जबाब मला दोनदा वाचून दाखवला. आम्ही काही मुद्दाम केलं, असं त्यात कुठं नाही, याची खात्री करून घेतली. फौजदारसाहेब म्हणाले, ‘बाई, सोडायचा कुणाला, त्याचं नाव तुमच्या तोंडून पाहिजे. कोरी जागा चालत नाही.’ नवरा गजाआड ऐकत उभा होता. मी पदर पुढे ओढला, खाली बघितलं आणि सांगितलं. वरची जागा भरून घ्यावी. सहादेव.

तो तीन दिवसांत पहिल्यांदा बोलला, ‘हळू की, लंके.’ तेही बोलला तसंच लिहिलं आहे. माझी तक्रार नाही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, लंकाबाई सहादेव.