निशाण घ्यायला कोणी नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, शाळा तपासनीस माननीय बेनाव्हेंतो मॅडम, सत्कारमूर्ती आणि आमच्या मुख्याध्यापिका ओफेलियाबाई, आणि डिसेंबरच्या या ऐन उन्हाळ्यात पंख्याविना बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

पालक संघाचा अध्यक्ष म्हणून मला उभं केलंय. संघात दुसरं कोणी उरलंच नाही, म्हणून मी अध्यक्ष; मान वगैरे काही नाही त्यात.

बाईंविषयी मी काय सांगणार? इथल्या निम्म्या लोकांना त्यांनीच अक्षरं गिरवायला शिकवलं. मागे बेकरीवाला फाबियान हसतोय, त्याच्या कानाला विचारा. सगळ्यांचा जीव आहे या शाळेवर. मग तुमची मुलं कुठे आहेत हो? नको, हात वर करू नका. कोपऱ्यावरच्या खासगी शाळेत आहेत, ठाऊक आहे मला.

फाबियानला मी विचारलं होतं. म्हणाला, "रामोन, बाई सोनं आहेत रे. पण हीटर बंद, गणिताचा मास्तर महिनाभर टिकत नाही. पोराला काय नुसत्या बाईंच्या मायेवर शिकवू?" काय खोटं बोलला तो? हीटरसाठी बाईंनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. मॅडम, तुमच्याही कचेरीचा. शेवटी जुलैत हिवाळ्याच्या सुट्टीवर गेलेला पाचवीचा वर्ग परत आलाच नाही.

आता मघाचं बोलतो. वर्ष संपताना सहावीच्या, म्हणजे शेवटच्या वर्गातल्या मुलानं पाचवीच्या हाती शाळेचं निशाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. माझी थोरली मिलाग्रोस निशाण घेऊन मंचावर उभी राहिली, आणि समोर घ्यायला कोणीच नाही. चौथीतल्यांना द्यावं, तर मार्चमध्ये नवं वर्ष सुरू होताना त्यांची ही शाळाच नसणार. तुमच्या टाळ्या हळूहळू थांबल्या. तेव्हा बाई उठल्या. "आण गं इकडे, हात दुखले असतील," म्हणाल्या, आणि निशाण स्वतःच घेतलं.

पण बाई, तुम्हीही आज निवृत्त होऊन चाललात. तुमच्या जागी कोणी येणार नाही, शाळा हमरस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळणार, हे मॅडमनी फार गोड शब्दांत सांगितलं. माझी धाकटी दुसरीत आहे. तो रस्ता ती कशी ओलांडणार? खासगीची फी मला झेपत नाही, आणि पलीकडच्या शाळेतही हीटर बंदच आहे, मी बघून आलो.

मिलाग्रोसनं खाली उतरताच विचारलं, "बाबा, बाई घरी गेल्यावर निशाण कुणाकडे?" मी म्हटलं, विचारून सांगतो. मॅडम, म्हणून तुम्हाला विचारतोय. आत्ताच उत्तर द्या असा आग्रह नाही.

बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. आलात त्या सगळ्यांचे आभार. बाहेर सारण भरलेल्या एम्पानादा गरम आहेत, खाऊन जा. माझ्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर पोटात घाला. आणि पुढच्या रांगेतल्या कोणीतरी जरा उठा हो, बाई अजून निशाण धरून उभ्याच आहेत.