सीतूचं नाव

नाही नाही, पाटी तिनं फोडलीच नसणार, टीचर. पाटी फुटली त्या सोमवारी सीतू ताप येऊन घरीच होती, तुम्हीच आता म्हणालात की — मग दुसऱ्या दिवशी वर्गात उठून ‘मीच फोडली’ म्हणाली कशी? — अहो, ती तशीच आहे. कॉफी घ्या, निवतेय. आपल्यातल्या बाई म्हणून चार शब्द मराठीत बोलता येतात, नाही तर ह्या गल्लीत दिवसभर तमिळच. काय म्हणत होते? हां, सवय. कुणाला नखं खायची असते, हिला कबूल करायची. आठ वर्षांची पोर, उलट बोलणं माहीत नाही — ह्याचं कौतुक करायचं सोडून तुम्ही मेलकावेरीहून एवढ्या उन्हातून चालत आलात!

पाठीवर वळ? पाठ तुम्ही कधी पाहिलीत? — पडली असेल. विहिरीपाशी शेवाळ आहे. — बरं, नाही पडली. तशा बघू नका माझ्याकडे. ह्यांचा पट्टा आहे तो, झालं समाधान? वाईट माणूस नाही हो, दारू नाही, पत्ते नाहीत, कचेरीत चांगलं नाव आहे. फक्त संध्याकाळी आले, पाय धुतले, की झोपाळ्यावर बसून विचारतात — आज काय झालं? म्हणजे काय चुकलं. काही नाही म्हटलं तर चालत नाही, लपवतेस म्हणतात. काहीतरी सांगावंच लागतं, कोणाचं तरी नाव घ्यावंच लागतं. आणि घरात माणसं किती? मी आणि ती.

आधी माझंच असायचं की. लग्न झाल्यापासून माझंच. मग ते बारा वर्षांनी येणारं महामहमच्या स्नानाचं वर्ष आलं, गाव यात्रेकरूंनी भरलं, घरात चोळपुरम्‌चे सगळे पाहुणे, दूध कुठे थेंबभर मिळेना — आणि माझ्या हातून अख्खं भांडं पालथं झालं. मला चौथा महिना होता. हे झोपाळ्यावर बसले, विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — सीतूनं सांडलं. एकदाच म्हणणार होते, टीचर. पोटातलं वाचावं म्हणून. ते वाचलं नाहीच, राहू दे. सीतू पाच वर्षांची, माझ्याकडे नुसती बघत राहिली, नाही म्हणाली नाही. चार दिवसांनी भात करपला, तर मी तोंड उघडायच्या आत तीच पुढे — ‘अप्पा, मीच.’ पाच वर्षांची पोर चुलीशी भात शिजवते का? ह्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही. तेव्हापासून तीन वर्षं झाली, माझ्या अंगाला बोट लागलेलं नाही. शेजारची अलमेलू म्हणते, भागीरथी, हल्ली अंगानं भरलीस, तजेला आलाय.

काय? तुमच्याकडे ठेवून घेता? परीक्षेपर्यंत? — देवासारख्या बोललात. मी नको कशाला म्हणेन? आत्ता तिचं परकर-पोलकं बांधून देते, पाच मिनिटांचं काम, अलमेलूकडे फुलं गुंफत बसलीय, हाक मारली की येईल — आणि संध्याकाळी? हे बसतील, विचारतील, आज काय झालं. तेव्हा मी कोणाचं नाव सांगू? सांगा ना, तुम्ही शिकलेल्या आहात. मी कोणाचं — असं काय बघता? आई आहे मी तिची! ताप आला तेव्हा उशाशी मीच बसले होते, वळांना तेलही मीच लावते, दुसरं कोण लावतं?

थांबा. सायकल. आज लवकर आले. — नको, मागच्या दारानं नको, गल्लीत कोणी पाहिलं तर आणखी वाईट. समोरूनच जा, नमस्कार करून जा. विचारतील टीचर कशाला आल्या होत्या. सीतूची तक्रार घेऊन आल्या होत्या, सांगेन. दुसरं काय सांगू? उठा, टीचर. आणि पुन्हा येऊ नका.