तात्यानं मागं न घेतलेला शब्द

जमलेल्या मंडळींनो, पाव्हण्यांनो, भावकीच्या कारभाऱ्यांनो, आणि तिकडं खांबाआड दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या लेकीसुनांनो,

सरपंचांनी माझ्या हातात माईक दिला आणि कानाशी येऊन म्हणाले, "आजी, दोनच शब्द." सरपंच, तुमचे दोन शब्द संपेस्तोवर माझ्या पायाला मुंग्या आल्या. आता माझे दोन तुम्ही ऐका.

बोलणं जड जातंय. तात्या माझा दीर. मी लगीन होऊन या घरात आले तेव्हा हा एवढासा, नाकाला शेंबूड, चड्डीला सुतळी. त्याला मी मांडीवर घेऊन भरवलंय. आज त्याच्याच फोटोला मी हार घातला. आधी थोरल्यानं जायचं असतं. ह्यानं तिथंही रांग मोडली.

मला अक्षर येत नाही. पण बोलताना घोळ नको, म्हणून काल सगळं बोलून दाखवलं आणि स्नेहलनं ते लिहून घेतलं. स्नेहल माझी नात, धाकट्या लेकाची पोरगी. ती बघा, कागद घेऊन बसलीय, मी चुकले तर सांगायला. लिहिता लिहिता मधेच थांबली. म्हणाली, "आजी, हे नगं. मेलेल्या माणसाच्या मागं असं बोलत न्हाईत."

मी म्हटलं, "जित्या पोरीच्या मागं बोललेलं चालतं व्हय? लिही."

तर आधी चांगलं बोलते. तात्या कष्टाळू होता. ओढ्यावर बंधारा झाला तो त्याच्या खेट्यांनी झाला. एकदा बिबट्या आमच्या शेरडांच्या गोठ्यात शिरला, तर हा नुसती परात बडवत पुढं गेला. बाकीचे बापये माळ्यावर. नावं घेत नाही, समोरच बसलेत. असा हा माणूस. बिबट्याला भ्याला नाही आणि माणसांच्या जिभेला भ्याला.

चांगलं बोलून झालं.

पाव्हण्यांनो, स्नेहल तेव्हा ओतूरच्या कॉलेजात जात होती. घोडेगावकडचं स्थळ आलं होतं, सुपारी फुटली होती. पोरीला जेवण जाईना. दोन घास खाल्ले की म्हणायची, पोट भरलं. पाठीत कळ यायची. आणि पोट दिसायला लागलं. पंगतीत वाढायला वाकली, तेव्हा तात्याच्या नजरेला पडलं.

माझ्या दिरानं काय करावं? मला विचारावं? पोरीच्या आईला विचारावं? नाही. त्यानं बैठक बोलावली. इथंच, याच सभामंडपात. सगळे बापये. बाईच्या पोटाचा निवाडा, आणि बाई एक नाही! मी पायरीवर उभी राहून ओरडले, "आरं, गरवार बाईचं पोट खालून वर चढतं. हिचं वर बरगडीखाली हाय, हात लावला की टणक लागतंय. हे दुसरंच कायतरी हाय." तात्या म्हणाला, "वहिनी, बायकांनी यात पडू नगा." बाईच्या पोटात बायकांनी पडू नये! मग कुणी पडावं, राव?

मग पोरीला इथं उभी केली. आपल्यात रीत आहे, देवासमोर बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची. खोटी घेतली तर वंश बुडतो म्हणतात. स्नेहलनं उचलला. अर्धा भंडारा खाली सांडला, पण उचलला. म्हणाली, "माझ्याकडनं कायबी वावगं झालं न्हाई."

तात्या म्हणाला, "शपथ काय, कुणीबी घेतंय."

हे मी आजवर गिळलं नाही. बांधाची भांडणं तुम्ही त्या भंडाऱ्यावर मिटवता. भंडारा उचलला की चोराला सोडून देता. आणि एका पोरीनं उचलला तेव्हा तुमचा देव खोटा झाला? तात्या बोलला, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणाची हलली, कुणाची नाही, मी पायरीवरनं बघत होते. मला अक्षर येत नसलं, तरी डोळे आहेत.

घोडेगावला निरोप गेला. स्थळ मोडलं. आणि वर तात्याचा हुकूम, "डागदराकडं न्यायची न्हाई, तालुकाभर व्हईल."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी तिला जुन्नरला नेली.

सोनोग्राफीवाली डॉक्टरीणबाई आधी लई गोड बोलत होती. मशीन एकाच जागी परत परत फिरवायला लागली. मग म्हणाली, "आजी, पिशवी रिकामी आहे. हे बाळ नाही. ही गाठ आहे, स्वादुपिंडाची."

"ते काय असतं, बाई?"

"जठराच्या मागं आडवं असतं. अन्न पचवायचा रस करतं, साखर सांभाळतं. कुणाच्या लक्षातही येत नाही."

मी म्हटलं, "म्हंजी घरातली थोरली सून." तशातही ती हसली. मीही हसले. पोरगी रडत होती, दोघींपैकी कुणीतरी हसायला पाहिजे होतं.

पुढं पुण्याला मोठ्या दवाखान्यात. तिथं यंत्रात घालून फोटो काढले, तोंडातनं दुर्बीण घालून गाठीतला तुकडा सुईनं काढला. तात्या आला होता तिथं. लाजेनं आला की काळजीनं, त्याचं त्याला ठाऊक. सर्जन त्याच्याच तोंडाकडं बघून बोलले. घरातला कर्ता दिसला ना! म्हणाले, "ही गाठ फार क्वचित होते, आणि होते ती बहुतेक तरुण मुलींनाच. कशानं होते ते आम्हालाही नीट माहीत नाही. पोरीची यात काही चूक नाही. आहे कॅन्सरच्याच जातीची, पण हळू वाढणारी. अख्खी काढली, तर बहुतेक मुली बऱ्या होतात. लग्न, लेकरं, सगळं होतं. पण अजून थांबलात तर अवघड होईल."

स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग काढावा लागणार होता, आणि त्याला चिकटलेली पानथरीही, डॉक्टर प्लीहा म्हणतात ती. पानथरी गेली की आजाराशी झुंजायची ताकद कमी होते, म्हणून आधी इंजेक्शनं दिली. सकाळी आत नेली ती दिवेलागणीला बाहेर आली. सर्जन टोपी काढत म्हणाले, "आजी, गाठ नारळाएवढी होती. सगळी निघाली." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते माझ्या पडले. त्यांनी निदान वय तरी बघितलं.

तात्या हे सगळं शेजारी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "बरं, बरं." आणि गावात आल्यावर तेवढंही बोलला नाही.

त्याच्या गप राहण्यानं काय झालं? पोरीच्या पोटावर टाके दिसले आणि तुम्ही दुसरी गोष्ट रचली. "पुण्याला नेऊन मोकळी करून आणली." एसटीच्या थांब्यावर बोललात. पिठाच्या गिरणीत बोललात. हळदीकुंकवाला तिला बोलावणं बंद केलंत. लेकीसुनांनो, खाली बघू नका, तुम्हीही त्यातल्याच. अगं, टाके छातीखालनं बेंबीपर्यंत आहेत. तुमची लेकरं काय बरगड्यांतनं निघाली?

एक शब्द तात्यानं बोलायचा होता. एक. "माझी चूक झाली, पोरगी खरी आहे." गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. तो बोलला असता तर गिरणीसुद्धा गप झाली असती.

शेवटच्या दुखण्यात मी त्याला पेज भरवायला जायची. तेव्हाही मागितलं. "तात्या, बैठकीत बोललास, बैठकीतच मागं घे."

"वहिनी, आता कशाला उकरता? पोरगी बरी झाली न्हवं?"

"पोरगी डागदरांनी बरी केली. तिचं नाव कोण बरं करणार?"

त्यानं पेजेची वाटी हातानं बाजूला सारली. मग म्हणाला, "पाडव्याला बैठक असतीच. तवा बघू."

पाडव्यापर्यंत तो राहिलाच नाही.

आज सकाळी दशक्रियेला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. तात्याचा थोरला लेक म्हणाला, देवळाचा कळस पुरा करू. धाकटा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. जावई म्हणाले, बंधाऱ्याला तात्यांचं नाव देऊ. कावळा झाडावर बसून ऐकत होता. ह्याचं काय राहिलं होतं, ते कुणाच्या तोंडावर आलं नाही. माझ्या आलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, बसू दे त्याला ताटकळत. पोरगी बसली नव्हती?

शेवटी भुकेनं आला बिचारा.

लोक म्हणतात, आजी, मेल्यावर वैर संपतं. कुणाचं संपतं? मेलेल्याचं. माझं चालू आहे. तात्यासाठी मी रडले. माफी दिलेली नाही, देणारही नाही. पण भावकीत आता थोरली मी. त्यानं मागं न घेतलेला शब्द मी मागं घेते. माईक हातात आहे तोवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, माझी नात खरी होती. तिच्या पोटात गाठ होती, आणि खोट तुमच्यात होती.

आता श्रद्धांजली. सगळ्यांनी उभं राहायचं असतं, ठाऊक आहे मला. आज तसं नाही. बायका बसून राहतील. पाव्हणे बसून राहतील. त्या दिवशी या सभामंडपात बैठकीला जे जे बसले होते, तेवढेच उभे राहतील. तात्याचा फोटो उभाच आहे, त्याला सांगायला नको.

स्नेहल, कागद ठेव आणि इकडं ये, माझ्याजवळ. मान वर कर. एकेकाच्या तोंडाकडं नीट बघ. हवा तेवढा वेळ बघ.

उठा, कारभारी. गुडघे दुखतात? माझेही दुखतात.

कुणी बोलायचं नाही. आणि ती "बसा" म्हणेपर्यंत कुणी बसायचं नाही.