पोटच्या पोराला केलं ब्लॉक

नाही, तुम्हीच सांगा, हातातला फोन असा हिसकावून घेतं का कुणी? तोही आईच्या! "आई, दे इकडे!" म्हणायचं, चारदा टकटक करायचं आणि "घे, झालं!" अरे, काय झालं? कसं झालं? विचारलं तर म्हणे, "तुला नाही कळायचं ते." मला! तुम्हाला सांगते, दवाखान्यात नर्स होते मी, हातपाय झाडणाऱ्या पोरांना सुया टोचण्यात जन्म गेला, एकही निसटला नाही माझ्या हातून, आणि याच्या मते माझ्या बोटांना व्हिडिओ कॉल जमायचा नाही! फोन बिघडला असा निरोप गेला की हा रविवारी येणार, तोही उभ्या उभ्या, चप्पलसुद्धा न काढता, आणि बोलणार कुणाशी? फोनशी! आई बसलीय शेजारी, वाट बघत... थांब म्हटलं, बघतेच तुला!

गेले वाचनालयात. तिथे वरच्या खोलीत म्हाताऱ्यांना फोन शिकवतात. शिकवणारी पोर नातीच्या वयाची, पण हात पाठीमागे बांधून उभी! दुसऱ्याच्या फोनला बोट लावायचं नाही, हा तिचा नियम. "आजी, चुकू द्या. तुम्हीच दाबा." मग काय, दाबतोय आम्ही! शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर तर हॉर्न दाबावा तसा अंगठा रोवायचे... स्वतःच्या नाकपुड्यांचे ढीगभर फोटो काढले आणि सगळे गेले विहीणबाईंना! मी मात्र शिकत होते. व्हिडिओ कॉल शिकले, नकाशा शिकले, आणि मग एक दिवस ती म्हणाली, "आज नको असलेला माणूस बंद करायला शिकू." बाकीच्यांनी लॉटरीवाले केले बंद, कर्जवाले केले. मी? मुलगा! थांब म्हटलं, बघतेच तुला!

आणि बसले वाट बघत. आता येईल धावत, घाबराघुबरा, "आई, फोन लागत नाही, बरी आहेस ना?" मी दार उघडायचीच नाही! सोमवार गेला. मंगळवार गेला. अहो, रविवारसुद्धा गेला! त्याला पत्ताच नाही! लागणार कसा? फोन करायला हवा ना आधी! खरं सांगते, रडू आलं मला. रागाने आलं, आणि नुसत्या रागानेही नाही.

शेवटी मीच ब्लॉक काढला, मीच फोन लावला. सूड उगवलाय हे आपणच त्याला कळवायचं, असली वेळ वैऱ्यावर येऊ नये!

"हं, आई, काय बिघडलं?"

"काही नाही. तुला ब्लॉक केलं होतं!"

म्हटलं, लागलं वर्मी! आता माफी मागणार... तर हा हळूच विचारतो, "आणि समोरच्याला कळत नाही? अजिबात? आई, थांब, मी येतोच!"

आला! चप्पल काढून आला, बसला, जेवला! ऑफिसातल्या साहेबाला ब्लॉक करायचंय म्हणे, सुट्टीतही छळतो. "आई, तूच करून दे ना." म्हटलं, दाब तू! चुकला, पुन्हा दाब! घाम फोडला त्याला, काय सुख मिळालं म्हणून सांगू!

आता दर शनिवारी येतो साहेबाला बंद करायला, सोमवारी ऑफिससाठी पुन्हा चालू करावा लागतो ना! तासभर बसतो, बोलतो, म्हणजे साहेबाला शिव्या देतो, पण माझ्याशेजारी बसून देतो! काय करणार... रोज देवापुढे हात जोडते, बाबा रे, या साहेबाची बदली तेवढी होऊ देऊ नकोस!