पाटावरची हार्ड डिस्क

जबाब

मी, श्रीमती माया गुणाजी तावडे, वय ५७ वर्षे, धंदा वधू-वर सूचक केंद्र चालविणे, राहणार फणसवाडी, गिरगाव, मुंबई. समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. पती वारले आहेत. घरात मी व मुलगा अभय, वय २८, असे दोघेच असतो. अभय खाजगी कंपनीत मार्केटिंगचे काम करतो. तो आज माझ्यासोबत आला असून बाहेर बाकावर बसला आहे.

केंद्राचे ऑफिस त्याच चाळीत तळमजल्यावर आहे. ते माझ्या सासूबाई कै. गंगुबाई यांनी सुरू केले. त्यांच्या वेळी मुलामुलींचे फोटो बिस्किटाच्या डब्यात असत. आता सगळे कॉम्प्युटरवर आहे. नाव, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, फोन, राहता पत्ता. सासूबाईंचा नियम होता, फोटो दाखवावा, पत्रिका दाखवावी, पण दोन्ही घरांचा होकार आल्याशिवाय पत्ता कोणाला देऊ नये. तो नियम मी आजवर मोडलेला नाही. लोक विश्वासाने आपली पोर आमच्या हवाली करतात, चेष्टा नाही. (हे वाक्य मी बोलले तसेच लिहावे, असे मी सांगितले.)

कॉम्प्युटरला पासवर्ड आहे, तो मलाच ठाऊक आहे. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. त्यातल्या माहितीची दुसरी प्रत एका हार्ड डिस्कवर असून ती वर घरी देवाच्या कपाटात, कुलदेवाच्या टाकांशेजारी ठेवते. कपाटाची चावी माझ्या कमरेला असते. एक खाली, एक वर. आग लागो, पाणी शिरो, एक तरी वाचेल म्हणून. डिस्कला पासवर्ड का नाही, असे हवालदार बाईंनी विचारले. देवाशेजारच्या वस्तूला कोण हात लावणार, असे मला वाटले. आता अक्कल आली.

वैशाखात श्रेया नावाच्या मुलीने पुनर्विवाहासाठी नाव नोंदवले. तिचे आडनाव व पत्ता या जबाबात लिहू नये अशी मी विनंती केली. साहेबांनी ती मान्य केली व पत्ता माझ्याकडून वेगळा घेतला. श्रेयाचा पहिला नवरा हर्षवर्धन तिला मारत असे. एकदा तिचा हात मोडला. घटस्फोटानंतर ती मावशीकडे राहते. कुठे, ते माहेरच्या दोन माणसांना आणि मला, एवढ्यांनाच माहीत होते.

श्रावणात एक इसम ऑफिसात आला. उंच, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खूण. श्रेयाचा फोटो दाखवून म्हणाला, "मी तिचा भाऊ. नवीन पत्ता हवाय." मला तिने सांगितले होते की तिला भाऊ नाही. मी म्हटले, "भाऊ आहेस ना, मग बहीण कुठे राहते ते मला विचारतोस? चालायला लाग." तो हसला आणि गेला. फोनवर खूण सांगताच श्रेयाने ओळखले, तो हर्षवर्धनच होता.

काल खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारे पुजतात. ज्याचे पोट ज्याच्यावर, ते त्याचे हत्यार. सासरे गिरणीत होते, ते मागाचा धोटा पुजायचे. मी कॉम्प्युटर बंद करून पुजते आणि डिस्क खाली आणून पाटावर ठेवते. वर्षातून एकदाच ती कपाटाबाहेर येते. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या पूजेपर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून रात्रभर तिथेच राहते. डिस्कला मी ओले कुंकू लावले. अभय पूजेला होता. तो म्हणाला, "आई, याला डेटा म्हणतात, डेटा! लोक ह्याच्यावर कंपन्या उभ्या करतात, नि तू हळदकुंकू वाहत बसतेस." मी म्हटले, "मेल्या, ह्याच्यावरच तुझी कॉलेजची फी भरली." आम्ही दोघेही हसलो. संध्याकाळी मी ऑफिसला कुलूप लावले.

आज सकाळी झेंडूची फुले घेऊन ऑफिस उघडले. कुलूप जागच्या जागी होते. डिस्कवरचे कुंकू फिसकटलेले दिसले. डिस्कची वायर ड्रॉवरमध्ये असते, ती मी पुजलेली नव्हती. ती काढून पाहिली तर तिच्या टोकाला कुंकू होते. म्हणजे रात्रीत कोणीतरी डिस्क जोडली आणि वायर पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. मी अभयला हाक मारून दाखवले. तो म्हणाला, "उंदीर असेल." उंदीर वायर कुरतडतो, ड्रॉवर लावून घेत नाही.

दुपारी जेवायला बसणार तोच श्रेयाचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. तिच्या इमारतीच्या गेटवर एक माणूस आपट्याची पाने घेऊन आला. वॉचमनला एक पान देऊन म्हणाला, "सोनं घ्या." मग मजला आणि खोली बरोबर सांगून, "वहिनींना सोनं द्यायचंय, वर जाऊ का?" असे विचारू लागला. वॉचमनने वर फोन लावला म्हणून कळले. श्रेयाने खिडकीतून पाहिले. हर्षवर्धन होता. वॉचमनने वर सोडले नाही, तर तो समोरच्या पानपट्टीवर जाऊन उभा राहिला. श्रेया मला म्हणाली, "काकू, माहेरच्यांखेरीज पत्ता फक्त तुमच्याकडे होता." दार उघडू नकोस एवढे सांगितले. ताट तसेच सोडून इकडे निघाले.

ऑफिसला दोन चाव्या आहेत. एक माझ्याकडे, दुसरी घरात दारामागच्या खिळ्याला असते. ती कोणाच्या हाती लागू शकते, असे मला विचारण्यात आले. ती खिळ्याला असते, असे मी सांगितले. पुन्हा विचारण्यात आले. मी पाणी मागितले. तरी कोणीतरी अज्ञात इसमाने रात्री ऑफिस उघडून डिस्कवरील माहिती चोरली, अशी माझी तक्रार आहे.

जबाब चालू असताना श्रेयाचा मेसेज आला, "काकू, पानपट्टीवर दिसत नाहीये. कुठे गेला कळत नाही." तो मी हवालदार बाईंना दाखवला. साहेबांनी लगेच गाडी पाठवली. त्या माणसाचा सध्याचा फोन नंबर असता तर तो कुठे आहे ते काढता आले असते, असे साहेब म्हणाले.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखविला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, पण एका ठिकाणी मी खरे सांगितले नव्हते. "कोणीतरी अज्ञात इसमाने" हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. तेथे "माझा मुलगा अभय गुणाजी तावडे याने" असे लिहावे. इकडे येताना वाटेत त्याने माझ्याजवळ कबूल केले. लग्न जुळवण्याचे अ‍ॅप काढतो, भागीदारी देतो, असे सांगून एकाने त्याच्याशी दोस्ती केली व यादी मागितली. त्या माणसाच्या डाव्या भुवईत खूण आहे. तो कोण, हे अभयला माहीत नव्हते, हे मी आई म्हणून नाही, खरे आहे म्हणून सांगते. त्या माणसाचा नंबर अभयच्या फोनमध्ये आहे. अभय सकाळपासून जेवलेला नाही. त्याला आत बोलवा.

खोडलेल्या जागी व शेवटी माझी सही आहे.

माया गुणाजी तावडे