बाबलीकाकांचा हात गेला नव्हता

हॅलो?… हॅलो, कमलाक्षी? मी गो, प्रतीक्षा. चोपड्याहून… हो, देवळातूनच. तुटतोय आवाज. जरा जनेल उघडून तिथं ये बघू… हां, आता बरं.

बाबा कसे आहेत तुझे?… काय सांगतेस! पेजेचं पाणीसुद्धा नाही?… आणि बोलणं?… सकाळपासून एक शब्द नाही…

नाही गो, कीर्तनाचं विचारायला नाही केला फोन. आज ते उभे राहणार नाहीत, कळलं मला. ऐक ना. कान शाबूत आहेत ना त्यांचे? डॉक्टर काय म्हणाले?… मग फोन त्यांच्या कानाला लाव. आणि काय करतात ते मला सांगत राहा…

शिवदासबुवा, नमस्कार करते. मी प्रतीक्षा, तुयेच्या इंटरनेटवाल्या हापिसातली. जरा कान द्या मला, बुवा. जन्मभर तुम्ही आम्हाला आख्यानं सांगितलीत, आज एक मी सांगते. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही. नुसती कथा.

परवा तुम्ही पाळी गावात, लेकीच्या घरी, अंथरुणात बसल्या बसल्या कीर्तनाला उभे राहिलात. इथं देवळात पडद्यावर तुम्ही, आणि पडद्याखाली तबल्याला आमचे बाबलीकाका. लय वाढवलीत आणि मधेच थांबलात. भरल्या सभेत म्हणालात, "बाबली, मागं पडतोस. हात गेला तुझा."

…काय गो? डोळे उघडले?… बरं, बरं. धर तसाच.

बुवा, काकांचा हात गेला नव्हता. आमचं हापिस दोन मोठ्या कंपन्यांकडून घाऊक लाइन घेतं आणि घराघरांत वाटतं. एक लाइन सहसा तुटत नाही, पण पाळीहून चोपड्याला यायला आधी मुंबई गाठते! दुसरी म्हापशावरून सरळ येते, पण तुमच्याकडच्या खाणीच्या ट्रकानं वायर ओढली की गेली. देवळाच्या मंडळींनी न तुटणारी मागितली. कीर्तन मोडू नये म्हणून हो, दुसरं काय.

काल दिवसभर दोन्ही लाइनी तपासल्या. आमच्या हापिसातला अविनाश हसतो मला, म्हणतो, यंत्रं सोडून ही टाळ्या वाजवून लाइन मोजते. मोजलीच! पाळीहून तुमची नात सिद्धी टाळी वाजवायची, ती ऐकून इथं मी वाजवायची. जवळच्या लाइनीवर टाळीत टाळी. आणि त्या न तुटणारीवर माझी टाळी तिला ऐकू जायची ती पुढच्या मात्रेवर.

म्हणजे बघा, तुम्ही समेवर आलात, ते इथं उशिरा पोचलं. काकांनी ऐकलं तसा बरोब्बर समेवर हात टाकला, तो तुमच्याकडे आणखी उशिरा गेला. तुम्ही दोघंही तालात होतात, बुवा. उशीर वाटेत झाला…

नाही गो कमलाक्षी, दोष नाही देत मी त्यांना. ते काकांना काय आजच रागावलेत? नेहमीचंच ते. "बाबली, पावाचे उंडे खाऊन निजलास काय रे?" अख्खं देऊळ हसायचं. पण उत्तररंगाआधी स्वतः खाली बसून काकांच्या कपाळाला बुक्का लावायचे, की मिटलं. परवा लावायला बुवा इथं कुठं होते? पडदा काळा झाला, लोक घरी गेले, तरी काका कपाळ वर करून बसलेले…

मग उठले आणि तबला झाकून ठेवला. आता ज्याला त्याला सांगतात, माझा हात गेला, बुवा खोटं बोलायचे नाहीत. मी सगळं समजावलं. तर म्हणे, बाय, लाइनीचं तू जाणतेस, तालाचं बुवा जाणतात.

बुवा, काका इथंच बसलेत, माझ्या बाजूला. एक शब्द बोला त्यांच्याशी. नुसतं "बाबली" म्हटलंत तरी पुरे… ओठ हलतात? बघ, बघ… आवाज नाही?… राहू दे. दमवू नको त्यांना.

थांब, स्पीकरवर घालते… काका, पुढं या. बुवांचा श्वास ऐकू येतोय, ऐका… कमलाक्षी, नाकापाशी धर गो फोन…

कमलाक्षी, काका काय करतायत सांगू? मांडीवर बोटं धरलीत. बुवांच्या श्वासाला ठेका देतायत… अगदी हळू. विलंबितात… श्वास अडखळला की थांबतात, आला की उचलतात… बुवा, ऐकताय ना? साथ चाललीय तुमची…

काका?… थांबलात का?… काका, धरा ना ठेका…

कमलाक्षी?… बोल गो… काय झालं?…

हो… हो बाय… आत्ताच ना? काकांना कळलं इथं. तुझ्याआधी कळलं.

रड तू. सिद्धीला जवळ घे… पण फोन परत बुवांच्या कानाशी धर. एवढंच बोलते आणि ठेवते.

बुवा, आता मधे मुंबई नाही, म्हापसा नाही, सरळ देवापुढं उभे राहाल. तिथं साथीला कोण हवा म्हणून देवानं विचारलं, तर आमच्या बाबलीकाकांची आठवण ठेवा हो.